दशमीचा डबा आणि पार्कातला बुफे

प्रश्न: मावशी, नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि महापेला नोकरी करते. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण एका मोठ्या पार्कात गेलो होतो. मी, हे, सासूबाई (वय ६८, मधुमेहाची गोळी चालू आहे), मोठा मुलगा ९ वर्षांचा आणि धाकटी ४ वर्षांची. बाहेरचं खाणं आत नेऊ दिलं नाही, म्हणून दुपारी बुफे घेतला. मोठ्यांचे ६५० रुपये, मुलांचे ४००, पाण्याच्या तीन बाटल्या पन्नास-पन्नासच्या, वर जीएसटी. एकूण ३,०४५ रुपये झाले. धाकटीनं एक गुलाबजाम आणि अर्धी पुरी खाल्ली. सासूबाई दहीभाताचे चार घास खाऊन उठल्या. तासभर एसीत बसलो, एवढाच काय तो आराम. बिल बघून हे जे गप्प झाले ते घरी येईपर्यंत गप्पच. आता एप्रिलमध्ये मुलाचा वाढदिवस आहे आणि त्याला परत तिथेच जायचंय. अशा ठिकाणचं जेवण खरंच त्या किमतीचं असतं का? की सगळ्यांनी उपाशी फिरायचं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, उपाशी तर मुळीच फिरायचं नाही. सासूबाईंना तर नाहीच. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते पेन्सिल घेऊन. नौपाड्यात २७ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलंय, त्यामुळे बिल दिसलं की ते उलगडून बघायची सवय आहे. मोठ्यांचे तीन बुफे १,९५०. मुलांचे दोन ८००. पाणी १५०. झाले २,९००, आणि त्यावर ५ टक्के म्हणजे १४५. हिशोब बरोबर आहे, कुणी जास्तीचं लावलेलं नाही. आता दुसऱ्या बाजूनं बघा. धाकटीच्या एका गुलाबजामला आणि अर्ध्या पुरीला करासकट ४२० रुपये पडले. सासूबाईंच्या चार घासांना ६८२ रुपये ५० पैसे. या दोघींचेच मिळून अकराशेच्या वर गेले, म्हणजे बिलाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पैसा ताटात न आलेल्या अन्नावर खर्च झाला. तुमच्या मिस्टरांना जे लागलं ते हे असणार. बिलाचा आकडा त्या मानाने सोसला असता.

बुफे हा भरपूर जेवणाऱ्याचा सौदा आहे. उन्हात फिरलेलं, झोके घेऊन पोट ढवळलेलं माणूस भरपूर जेवत नाही. लहान मूल तर नाहीच नाही, त्याचं सगळं लक्ष बाहेरच्या राइडकडे. आणि बुफेत एका ताटात दोघांना जेवता येत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर चालवणाऱ्याचं दिवाळं निघेल. म्हणून चार वर्षांचं मूल आणि पथ्याचं माणूस बरोबर असेल तर बुफेच्या रांगेत उभंच राहू नये. सुटे पदार्थ मिळतात अशा फूड कोर्टात जावं. गेल्या वर्षी मी लेक, जावई आणि दोन नातवंडांना घेऊन एका पार्कात अशीच बसले होते. दोन पावभाज्या, एक साधा डोसा, एक पुलाव, दोन वाट्या दही आणि जादा पाव. पाच जणांचं १,४०० रुपयांत झालं आणि ताटात काही उरलं नाही. बाहेरच्या मानानं तेही महागच. पण तुमच्या निम्म्याहून कमी.

महाग का, हेही सांगते, कारण नुसतं ‘लुटतात’ म्हणून सोडून दिलं की पुढच्या वेळी शहाणपण येत नाही. आमच्या केंद्रात शंभर रुपयांच्या थाळीत किराणा, भाजी, तेल आणि गॅस मिळून पंचेचाळीस-पन्नास रुपये जायचे. बाकीच्यात जागेचं भाडं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पगार, वीज, डबे पोचवणारा मुलगा, आणि शेवटी आमचं घर. पार्कातल्या स्वयंपाकघराला याच्याहून अवघड गणित सोडवावं लागतं. रविवारी आणि मेच्या सुट्टीत हजारो माणसं एकाच वेळी जेवायला येतात, आणि जुलैतल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी टेबलं रिकामी असतात. आचारी आणि वाढपी मात्र दोन्ही दिवशी ठेवावेच लागतात. रिकाम्या मंगळवारचा खर्च भरल्या रविवारच्या ताटावर चढतो. हे झालं रास्त कारण. दुसरं कारण तेवढं रास्त नाही. ठाणे स्टेशनबाहेर एका वडापाववाल्यानं उगाच भाव चढवला तर गिऱ्हाईक चार पावलं पुढच्या गाडीवर जातं. पार्काच्या गेटच्या आत पुढची गाडी नसते. आत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत त्यांचाच, हे ठाऊक असल्यावर भाव कोण आवरणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नुसतं ताट बघितलं तर ते जेवण त्या किमतीचं नाही. पण तुम्ही ‘तासभर एसीत बसलो’ हे जे जाता जाता लिहिलंय ना, त्याची किंमत मी फार मोठी धरते. ६८ वर्षांच्या बाईला सकाळी दहापासून फरशीवर चालवलंय. नातवंडं राइडवर असताना ती पर्सा आणि चपला सांभाळत कट्ट्यावर बसली आहे. दुपारी एक वाजता तिला पाठ टेकायला खुर्ची, थंड वारा आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळतं. त्यासाठी पैसे मोजावेत, आणि आनंदानं मोजावेत. फक्त एकदाच, दुपारी, टेबलावर बसून मोजावेत. दिवसभर या खिडकीवरून पॉपकॉर्न, त्या खिडकीवरून स्लश असं करत जे सुटतं, त्यात ना पोट भरतं ना पायांना विसावा मिळतो.

बाहेरचं खाणं आत नेऊ दिलं नाही म्हणालात, तर डब्याचा माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही आठ जण एका पार्कात गेलो होतो. मी पहाटे चारला उठून ज्वारीच्या दशम्या केल्या होत्या, पीठ दुधात भिजवून, वर साजूक तूप. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू. गेटवर पिशवी उघडायला लावली. तिथला मुलगा विशीचाही नसेल. त्यानं स्टीलचा डबा हातात घेतला, झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा बंद करून माझ्या हातात दिला. “मावशी, मला सोडता येत नाही हो. त्या टबात ठेवलंत तर संध्याकाळी मिळेल, पण खराब होईल. त्यापेक्षा तिकडं झाडाखाली बसून खाऊन घ्या ना.” बाजूला एक मोठा निळा टब होता. त्यात कुणाकुणाचे ठेपले, चिवड्याच्या पिशव्या, एका बाळाची बिस्किटं, सगळं एकावर एक पडलेलं. मला त्या टबाकडे बघवेना. सकाळच्या थंडाव्यात कुणीतरी माझ्यासारखंच उठून केलेलं होतं ते.

आम्ही त्या मुलाचं ऐकलं. रस्त्यापलीकडे गुलमोहराखाली चादर अंथरली आणि साडेनऊ वाजता सगळ्या दशम्या संपवल्या. त्यातल्या दोन त्याला नेऊन दिल्या. त्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत आमच्यात कुणाला भूक लागली नाही. अडीचला जेवायला गेलो तर रांगा ओसरलेल्या, टेबलं मोकळी. आणि बारा ते दोन सगळं पार्क जेवत असताना आमची मुलं राइडवर चढत होती. अडवणूक झाली खरी, पण तेव्हापासून आमच्या घरी हाच क्रम आहे.

एप्रिलसाठी तुम्हीही हेच करा. गेटबाहेर पोटभर न्याहारी, आत दुपारी उशिरा एक हलकं जेवण, आणि परत निघताना गाडीत खायला काही. गाडीत ठेवायचं असेल तर उन्हात टिकेल तेच ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी, कोरडी चटणी, लाडू. दहीभात आणि बटाट्याची भाजी अजिबात नको. १९९४ साली मुलांना एस्सेलवर्ल्डला नेताना मी पुरी-भाजी घेतली होती. मार्वेच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत खाल्ली तोवर ठीक होती, पण उरलेली संध्याकाळी उघडली तर तार सुटलेली. एप्रिलमध्ये बंद गाडीत याहून लवकर आंबेल.

आता सासूबाई. मधुमेहाची गोळी घेतलेल्या माणसाचं जेवण लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम येतो, हात कापतात, चिडचिड होते, आणि आपल्याला वाटतं उन्हानं झालं. घरातली मोठी माणसं भूक लागली असं तोंडानं सांगत नाहीत. नातवंडांचा दिवस मोडेल म्हणून गप्प बसतात. त्यामुळे त्यांचं जेवण घड्याळाप्रमाणे, तुम्ही नंतर जेवलात तरी चालेल. बाळाचं खाणं आणि औषधाबरोबरचं खाणं बऱ्याच ठिकाणी आत सोडतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा, डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. ग्लुकोजची पुडी किंवा साखरेची डबी तर हवीच. थरथर जाणवली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. गोळीच्या वेळा त्या दिवसापुरत्या कशा ठेवायच्या हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

मिस्टरांच्या गप्प बसण्याबद्दल एकच सांगते. आदल्या रात्री दोघांनी बसून खाण्याचा आकडा ठरवा आणि तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात घाला. ते पाकीट मुलाकडे द्या. नऊ वर्षांचा आहे, त्याचाच वाढदिवस आहे. “यात सगळ्यांचं खाणं बसवायचं” एवढं सांगा. आमच्या नातवानं हे केलं तेव्हा त्यानं स्वतःच भाव वाचून आइस्क्रीमच्या दोन कँड्या चौघांत वाटल्या होत्या.

प्रश्न: मावशी, मी बँकेतून निवृत्त झालेला, मुक्काम घोडबंदर रोड. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे फ्लोरिडाला जातोय. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सहा वर्षांच्या नातवाबरोबर दोन दिवस घालवायचे आहेत. जावई म्हणतात, किल्ल्यातल्या रेस्टॉरंटात जेवू. मी डॉलरचे रुपये केले आणि मला घासच उतरेना असं झालं, अजून तिकडे गेलोही नसताना. शिवाय आम्ही शाकाहारी. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: भाऊ, पहिली गोष्ट आनंदाची. डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचं खाणं आत नेता येतं. स्वतःपुरतं असावं, काचेची बाटली-बरणी नसावी आणि गरम करायची गरज पडू नये, एवढंच. मी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भाच्याकडे गेले होते, तेव्हा माझ्या पर्समध्ये मेथीच्या पुऱ्या होत्या. पिशवी तपासली आणि जाऊ दिलं. शिवाय जिथे मशीनमधून पेल्यात भरून कोल्ड्रिंक विकतात अशा काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेला भरून फुकट देतात. तिथल्या उकाड्यात बाटल्यांवर किती डॉलर गेले असते, हे तुम्ही बँकेतले, तुम्हीच काढा. सगळीकडे मात्र असं नाही. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही, त्यासाठी गेटबाहेर वेगळी जागा आहे. आणि शांघायमध्ये २०१९ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं पार्कावर दावा लावला होता. तिची बिस्किटं गेटवर अडवली म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या पार्कानं नियम बदलला आणि स्वतःपुरतं खाणं आत नेऊ द्यायला सुरुवात केली. ती मुलगी कोण, कुठली, मला ठाऊक नाही, पण निळ्या टबाशेजारी उभी राहिलेली बाई म्हणून मला तिचा फार अभिमान वाटतो.

आता किल्ला. जावयांना हो म्हणा. तिथे सिंड्रेला स्वतः भेटते आणि सहा वर्षांच्या मुलाला ती खरी वाटते. दहा वर्षांचा झाला की वाटणार नाही, आणि तेव्हा तिथे तो मोठ्यांच्या दरातही जाईल, कारण मुलांचा दर ३ ते ९ वर्षांपर्यंतच आहे. जेवण म्हणून बघितलं तर ते त्या पैशांचं नाही. नातवाच्या आयुष्यातली एक सकाळ म्हणून बघितलं तर आहे. दोन दिवसांत असं जेवण एकच ठेवा, बाकीच्या वेळी पुऱ्या आणि काउंटर. मात्र जागा ६० दिवस आधी धरायला सुरुवात होते आणि किल्ल्यातली टेबलं पटापट जातात, तेव्हा लेकीला आजच तारीख मोजायला सांगा. न जाता राहिलात तर माणशी दंड कापतात हेही ध्यानात असू द्या. आणि मेनूवरच्या आकड्यात कर धरलेला नसतो. तिकडे साडेसहा टक्के कर, आणि वाढप्याची टिप अठरा ते वीस टक्के. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बिलातच लावतात, पुन्हा वेगळी ठेवू नका.

शाकाहाराची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. मेनूवर हिरव्या पानाची खूण दिसली की त्यात मांस, मासे, अंडं, दूध यातलं काही नसतं. माझी एक खास शिफारस आहे. ‘ॲनिमल किंगडम लॉज’ हे तिथलं हॉटेल आहे. त्यात ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट आहे, आफ्रिकन आणि भारतीय चवीचं. पार्काचं तिकीट न काढता जाता येतं. तिथे ब्रेड सर्व्हिस म्हणून एक ताट मिळतं. नान, कुलचा, पराठा असे पाच प्रकार आणि नऊ वाट्या. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर… मी चिंचेची चटणी बोटावर घेतली आणि समोर बघितलं, तर मोठ्या काचेपलीकडे जिराफ मान वाकवून झाडाचा पाला ओढत होता. शेजारी दोन झेब्रे. मी तो नान हातातच धरून बसले होते किती वेळ. माझी भाचेसून म्हणाली, “आत्या, गार होईल.” एका ताटात दोघांचं सहज होतं. आठ दिवस चीज आणि ब्रेड खाल्लेल्या तोंडाला चिंच लागली की डोळ्यांत पाणी येतं. वहिनींना तिथे न्याच.

रुपये करायचं मात्र विमानतळावर थांबवा. लेकीच्या घरी बसून प्रत्येक घासाचा हिशोब जावयांच्या कानावर गेला तर त्यांना वाईट वाटेल, त्यांनी कौतुकानं ठरवलंय.

प्रश्न: मावशी, मी खारघरला शिकतो. मित्रांबरोबर वॉटर पार्कला गेलो तेव्हा २० रुपये छापलेली पाण्याची बाटली ६० ला दिली. बिलात सर्व्हिस चार्जही होता. हे कायदेशीर आहे का?
— एक विद्यार्थी, खारघर

उत्तर: बाळा, बाटलीचं दोन भागांत आहे. टेबलावर बसून वाढपी आणून देतो तेव्हा हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तसं म्हटलंय, कारण तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही विकली जाते. पण नुसत्या खिडकीतून बाटली हातात टेकवली असेल तर ती सेवा कसली? तिथे बिल मागावं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. एकाच मालावर दोन छापील किमती लावायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे.

सर्व्हिस चार्जचं सोपं आहे. तो ऐच्छिक आहे. ४ जुलै २०२२ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो आपोआप बिलात लावता येणार नाही. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. ‘काढून द्या’ म्हणायचं, शांतपणे, आवाज न चढवता. काउंटरवरच्या पोरानं तो लावलेला नसतो, त्याच्यावर ओरडू नकोस, मॅनेजरला बोलाव. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

फुकट पाण्याचंही विचारत जा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहांबद्दल निकाल दिला. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मालकाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत ठेवलं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत सोडलं पाहिजे, असं त्यात आहे. तो निकाल थिएटरांपुरता आहे, तरी पार्कात गेल्यावर पाण्याचा नळ कुठे आहे हे पहिल्याच कर्मचाऱ्याला विचारायला लाजू नये. आपली रिकामी बाटली न्यावी. आणि बिल फेकू नकोस. त्यावर खाद्य परवान्याचा चौदा आकडी नंबर असायला हवा, तक्रार करताना तोच लागतो. बाटलीचाही फोटो काढून ठेव, छापील किंमत नीट वाचता येईल असा.